साडेआठ ग्रॅम

एक तोळा म्हणजे अकरा ग्रॅम आणि वर सहाशे चौसष्ट मिलिग्रॅम. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. ऐकणाऱ्याला वाटतं कुत्रा आहे, कुत्र्याला वाटतं दुसरा कुत्रा आहे.

मामा अडून बसला तर मुलगी बोहल्यावर येत नाही.

आईनं गल्लीत पेढे वाटले.

नळीचं तोंड कायम वर. घरात वर, वाटेत वर, बसल्यावरही वर.

एक ओव्हरसियर. एक तलाठी. मग मी.

"मी घेत नाही," मी म्हणालो.

*

हे मी म्हणालो ते आप्पा सरनोबतांच्या घरी, पुढच्या सोप्यात, घोंगड्यावर मांडी घालून. पांगिरवाडी हे गाव गारगोटीच्या पुढं, एसटी जिथं दम टाकून परत फिरते तिथून आणखी दीड तास चालत. मी नुकता चालून आलो होतो. पायाला फोड आले होते आणि आप्पांनी पहिलाच प्रश्न विचारला होता:

"काय पावणं, दारू किती घेणार?"

दिवस दारूबंदीचे होते. नोकरी सरकारी होती. विचारणारा माणूस होऊ घातलेला सासरा होता. याला दुसरं उत्तर काय असणार?

"मी घेत नाही."

आप्पांनी शेजारी बसलेल्या मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्यांनी, म्हणजे रंगराव मामांनी, माझ्याकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं आणि परत माझ्याकडे पाहिलं.

"न्हाय घेत? मग गोळी काय फुंकर मारून उडवणार?"

दाराआड कोणीतरी हसलं. हसताना बांगड्या वाजल्या. आणि मग मला आप्पांच्या मांडीवर आडवी ठेवलेली वस्तू दिसली. इतका वेळ ती मला छत्री वाटली होती. ती ठासणीची बंदूक होती.

*

छत्री का वाटली, ते सांगायला हवं. मी बंदूक बघायला आलोच नव्हतो. मी लग्न ठरवायला आलो होतो.

पंधरा दिवसांपूर्वी कोल्हापुरात, तिच्या मावशीच्या घरी, मी रत्नमालेला पाहिलं होतं. पोहे झाले, चहा झाला, आणि मावशी म्हणाली, "तुला काय विचारायचं असंल तर विचार गं." अशा वेळी मुली मान खाली घालून "काही नाही" म्हणत. रत्नमाला मान वर करून म्हणाली, "तुमच्या खात्यात माणसांचं वजन करतात का?"

मी वजनमापे खात्यात होतो. तोळे, शेर, मण जाऊन ग्रॅम, किलो, क्विंटल आले त्या वर्षांची ही गोष्ट. बाजारातली जुनी वजनं गोळा करायची आणि नवीन वजनांवर शिक्का मारायचा, हे आमचं काम.

"माणसांचं नाही करत," मी म्हणालो.

"करायला हवं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मला जेवण जात नव्हतं.

आणि मग पांगिरवाडीहून एका माणसाकरवी निरोप आला: "बार उडवायचा हाय, शनिवारी या." आता आमच्याकडे बार उडवायचा म्हणजे काय? लग्नाचा! आईनं निरोप ऐकला आणि निरोप्याचा चहा व्हायच्या आत दुकानातून पेढे आले, गल्लीत वाटलेही गेले. समोरच्या नलूकाकूंनी तर दोन घेतले.

आणि इथं आप्पा गजाला चिंधी गुंडाळून नळी पुसत होते.

"उद्या हाका हाय," ते म्हणाले. "बार तुम्ही उडवायचा. आमच्या घरात जावई येतो तो एक तरी जनावर पाडूनच."

भेकराच्या शिकारीचा परवाना तेव्हा मिळायचा. तो काळ गेला, आणि भेकरांच्या दृष्टीनं बघितलं तर बरं झालं.

*

पाय धुवायला मी परसात गेलो. रत्नमालेनं घागर तिरकी केली आणि इकडं तिकडं बघून म्हणाली, "तुम्हाला गोळीतलं काय कळतं?"

"काहीच नाही."

"तरी विचारतीलच. तोळ्याची का अर्ध्या तोळ्याची. आधीच्या दोघांनाही विचारलं होतं."

"आधीचे दोघं?"

"पहिले ओव्हरसियर होते. ते म्हणाले, तोळ्याची. म्हणजे आप्पांची बाजू झाली. मामा ताटावरून उठले. म्हणाले, ह्या घरात मी बोहल्यापाशी उभा राहणार नाही. आता मामा नाही तर मला बोहल्यावर आणणार कोण?"

"आणि दुसरे?"

"तलाठी. त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं की मामांना सांभाळा. ते म्हणाले, अर्ध्या तोळ्याची. आप्पा 'म्हैस बघून येतो' म्हणून गेले ते तलाठी गावातून जाईपर्यंत आलेच नाहीत. म्हैस गोठ्यातच होती."

मी दुसरा पाय पुढं केला.

"म्हणजे तोळा म्हटलं तरी लग्न मोडणार," मी म्हणालो, "आणि अर्धा म्हटलं तरी मोडणार."

"हो."

"मग मी काय सांगू?"

"ते तुम्ही बघा. वजनाचे माणूस तुम्ही." मग घागर खाली ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ओव्हरसियर गेले तेव्हा मला बरं वाटलं. तलाठी गेले तेव्हाही बरं वाटलं. तिसऱ्यांदा वाटणार नाही."

माझे पाय केव्हाच धुऊन झाले होते. तरी मी बराच वेळ तिथं उभा राहिलो.

*

खटला संध्याकाळी उभा राहिला. तांब्याच्या ताटलीत दोन शिशाच्या गोळ्या ठेवल्या होत्या. एक आवळ्याच्या बीएवढी, दुसरी तिच्या धाकट्या बहिणीसारखी.

"आता नीट ऐका," आप्पा म्हणाले. "ही तोळ्याची. दारू बेताची. गोळी जड असली की सरळ जाती. मधी कारवीचं पान आलं, डहाळी आली, ती मागं वळून बघत न्हाय. हळू जाती, पर जाती."

"जाती की," मामा म्हणाले. "चालतच जाती. भेकर तेवढ्यात चारा खाऊन, पाणी पिऊन, पाव्हण्यांना राम राम करून निघून जातं."

"रंगराव, मी बोलतोय."

"बोला, दाजी, बोला."

"झालं माझं."

"मग माझं. ही अर्ध्या तोळ्याची. आणि दारू सढळ. गोळी तळहातावर ठेवायची आन् ती बुडून दिसंनाशी होईस्तोवर दारू ओतायची. हलकी गोळी आन् दणकून दारू, जनावराला आवाज ऐकू यायच्या आत गोळी पोचलेली असती. आवं, भेकर म्हंजे काय हत्ती हाय? तोळ्याच्या गोळीनं निम्मं मटण उडून जातं. मागल्या साली दाजींनी मारलं त्या भेकराची आम्ही नुसती शिंगं वाटून घेतली."

"डहाळीला लागून तुझी गोळी कुठं गेली हुती ते सांग की पाव्हण्यांना."

"ते जुनं झालं."

"बामणाच्या माळ्यावरच्या लोणच्याच्या बरणीत गेली हुती."

"बरणी तरी फुटली का न्हाय? नेम हुता म्हणूनच फुटली!"

दोघं माझ्याकडे वळले. दाराआडच्या बांगड्या एकदम गप्प झाल्या.

"हितं बाहेरचं कोण न्हाय," आप्पा म्हणाले. "तुम्ही वजनाचं माणूस. सरकारनं नेमलेलं. वजन किती पायजे, बोला."

मी दोन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या. घासाघीस करायची सवय नव्हती, पण बाजारात उभं राहून खूप पाहिली होती. मी डोळे मिटले. गोळ्या वर खाली केल्या. आणि तोंडातून निघालं:

"साडेआठ ग्रॅम."

*

(इथं बराच वेळ काहीच झालं नाही. एक कोंबडी सोप्यात आली, तिनं ताटलीकडे पाहिलं आणि ती गेली.)

*

ग्रॅम म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही हे दुसऱ्यासमोर कबूल करायला दोघंही तयार नव्हते. हे मला त्या क्षणी दिसलं, आणि मी ते तसंच चालू दिलं.

"साडेआठ," आप्पा सावकाश म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "साडेआठ! आकडा केवढा हाय बघितलास का, रंगराव? मी म्हणत हुतो ते हेच."

"ग्रॅम म्हनलेत, दाजी, ग्रॅम," मामांनी हसून मिशीवरून बोट फिरवलं. "नाव ऐका की. ग्रॅम म्हंजे बारीक. मी तेच म्हणत हुतो."

"आणि दारू?" दोघांनी एकदमच विचारलं.

"त्याच प्रमाणात," मी म्हणालो.

दोघांनी एकाच वेळी माझ्या पाठीवर थाप मारली. एकानं डाव्या बाजूला, एकानं उजव्या. मी पुढं ताटलीत पडलो असतो.

जेवणं झकास झाली. दोघंही मला वाढायला सांगत होते. आप्पा म्हणत, "माझ्या पाव्हण्यांना रस्सा घाला," आणि मामा म्हणत, "आमच्या पाव्हण्यांना भाकरी." मला वाटलं, मी जिंकलो. वजनमापे खात्याच्या इतिहासात दशमान पद्धतीचा इतका चांगला उपयोग कुणी केला नसेल.

हात धुवायला परसात गेलो. रत्नमाला टॉवेल घेऊन उभी होती.

"साडेआठ ग्रॅम म्हणजे किती?"

"पाऊण तोळ्याला जरासं कमी."

"म्हणजे आप्पांची नाही."

"नाही."

"मामांचीही नाही."

"नाही."

ती हसायला लागली. तोंडावर पदर घेऊन हसली. मग हसता हसता थांबली.

"म्हणजे दोघांनाही वाटतंय आपली."

"तेच तर!" मी म्हणालो. मी फार खुशीत होतो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. बाजारात एखाद्या वजनाचा तळ पोकळ निघाला की मी त्या वजनाकडे बघायचो, तसं. मग टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून आत गेली.

*

सकाळी बंदूक भरलेलीच होती. सोप्याच्या भिंतीला टेकून, तोंड वर करून उभी. मला बरं वाटलं. भरताना कुणी बघ म्हटलं असतं तर मी कुठं बघितलं असतं?

"तोंड वर," आप्पा म्हणाले.

"कायम वर," मामा म्हणाले.

यावर दोघांचं एकमत होतं. मी बंदूक देवळातल्या झेंड्यासारखी दोन्ही हातांनी उभी धरून डोंगर चढलो. बूट घसरत होते. मामा मागून म्हणाले, "पालखी हाय का बंदूक?" आणि आप्पा म्हणाले, "असू दे, वर धरलीया नव्हं."

ओढ्याच्या वर कारवीचं रान होतं. त्यात वाकून आत शिरलो आणि आडोशाला बसलो. मी मधे, आप्पा उजवीकडे, मामा डावीकडे. बंदूक माझ्या गुडघ्यांत उभी. हाकारे समोरच्या उतारावर गेले होते. ते डबे वाजवत खाली येणार, जनावर ओढा ओलांडून आमच्यापुढं येणार, आणि मी बार उडवणार.

"हितून पुढं बोलायचं न्हाय," आप्पा कुजबुजले. "भेकराला कान फार."

मग आप्पा वाकून ओढ्याचा काठ न्याहाळायला दहा पावलं पुढं गेले. तेवढ्यात मामा माझ्या कानाशी आले. त्यांच्या तोंडाला तंबाखूचा वास होता.

"पावणं, निर्धास्त ऱ्हावा. पहाटे उठून मीच भरलीया. अर्ध्या तोळ्याची. तुम्ही काल सांगितली तशीच. दाजींना बोलू नगा, उगं जिवाला लावून घेतील."

मी त्यांना हसून दाखवलं. म्हटलं, चला, निदान एकाचा प्रश्न सुटला.

आप्पा परत आले. आता मामा ओढ्याचा काठ न्याहाळायला गेले. आप्पा माझ्या कानाशी आले.

"जावईबापू," त्यांनी पहिल्यांदाच असं म्हटलं, "काळजी करू नगा. कोंबडं आरवायच्या आत उठून मीच भरली. तोळ्याची. तुमच्या साडेआठ ग्रॅमचीच. रंगरावाला कळू देऊ नगा, लहान मनाचा माणूस हाय."

मामा परत आले आणि बसले.

दोघंही माझ्याकडे बघून प्रेमानं हसत होते.

*

अकरा पूर्णांक सहासष्ट. अधिक पाच पूर्णांक त्र्याऐंशी. साडेसतरा ग्रॅम शिसं.

आणि आप्पांची दारू. आणि मामांची दारू.

एकाच नळीत. माझ्या दोन गुडघ्यांच्या मधे. हनुवटीच्या खाली.

आयुष्यात पहिल्यांदा मला बेरीज नकोशी वाटली. माझ्या नोकरीत मी कमी वजनं पकडायचो. जास्त वजनाचं काय करायचं, ते कुणी शिकवलंच नव्हतं. तरी शाळेत वाचलेलं आठवत होतं. नळीत दोन बार असले तर गोळी पुढं जात नाही, नळीच मागं येते.

"आप्पा," मी कुजबुजलो.

"श्श."

"मामा, एक सांगायचं होतं."

"श्श."

"नाही, म्हणजे बंदुकीत..."

"श्श!"

"श्श!"

"ऐका तरी."

"घोडा वढा," आप्पा ओठ न हलवता म्हणाले.

मी घोडा मागं ओढला; आता नुसता चाप ओढायचा राहिला. का ओढला? सांगितलं म्हणून ओढला. सरकारी नोकरीत हीच सवय लागते.

समोरच्या उतारावर डबे वाजायला लागले.

*

भेकर आलं.

मी भेकर कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं, काहीतरी धावत, धापा टाकत, रानटी येईल. ते चालत आलं. तांबूस, शेळीएवढं, पाय इतके बारीक की त्यावर एवढं अंग कुणी ठेवलं असावं असं वाटलं. ओढा ओलांडताना एक एक खूर बघून टाकत होतं, मी मघाशी बूट टाकत होतो तसं. काठावर येऊन उभं राहिलं आणि सरळ माझ्याकडे बघायला लागलं. त्याच्या तोंडातून एक हिरवी काडी बाहेर आली होती. ती हळूहळू आत जात होती.

"मारा," डावीकडून.

"मारा," उजवीकडून.

मी बसलोच. आता नीट सांगतो, कारण मी तेव्हा नीट विचार केला होता, भीतीनं माणूस फार नीट विचार करतो. मी चाप ओढला तर मरेन. नाही ओढला तर भेकराला घाबरलो असं गावभर होईल, आणि रत्नमाला जाईल. खरं बोललो तर साडेआठ ग्रॅम उघडे पडतील, दोघंही खवळतील, आणि रत्नमाला जाईल. तीन वाटांतल्या दोन वाटांनी ती जात होती. आणि तिसऱ्या वाटेनं मी.

पण चाप ओढला तर मी एकटा मरणार नव्हतो. एका बाजूला तिचा बाप बसला होता, दुसऱ्या बाजूला मामा. नळी फुटली की ती विचारत नाही, कुणाची बाजू कुठली. लग्न ठरवायला येऊन मुलीचं अख्खं घर उडवून द्यायचं, हे मला बरोबर वाटलं नाही.

मी उभा राहिलो. आणि आठवडी बाजारात ओरडतात तशा आवाजात ओरडलो:

"यात तोळ्याचीपण आहे आणि अर्ध्याचीपण आहे!"

भेकर भुंकलं आणि गेलं. खरंच कुत्र्यासारखं भुंकलं. समोरच्या उतारावरचे डबे थांबले.

"काय?" आप्पा म्हणाले.

"काय?" मामा म्हणाले.

"तुम्हीपण भरलीय आणि तुम्हीपण भरलीय!" असं म्हणून मी बंदूक अंगापासून लांब, जमिनीवर आडवी ठेवायला गेलो, आणि चापाला कारवीची फांदी अडकली.

टक्.

*

(इथं आवाज व्हायला हवा होता.)

*

डोळे उघडले तेव्हा मी पालापाचोळ्यात पालथा होतो. माझ्या पाठीवर आप्पा होते. आप्पांच्या पाठीवर मामा होते. तिघांनीही आपापले कान दाबले होते, फक्त मामांचे हात घाईत आप्पांच्या कानांवर गेले होते.

"उडली का?" आप्पांनी खालून विचारलं.

"मला काय म्हाईत? तुमच्या कानावर माझं हात हायेत," मामा म्हणाले.

बंदूक चार हातांवर आडवी पडली होती. घोड्याखालच्या केपाचा थोडासा धूर वर चालला होता. आणि नळीच्या तोंडातून पाणी गळत होतं. काळं पाणी. सावकाश, बारीक धारेनं, पाल्यावर टपटप, टपटप.

तिघंही ती धार संपेपर्यंत बघत राहिलो. मग आप्पा उठले, गज काढला, जपून नळीत घातला आणि सोडला. गज हातभर बाहेर राहिला.

एका बाराला तो एवढा राहत नाही.

"तरीच," मामा म्हणाले. "पहाटे ठासताना गज वरच ऱ्हायला हुता. मला वाटलं, माझंच माप सढळ."

"आरं रंगराव, पोराचं डोसकं गेलं असतं की."

"आपलीबी गेली असती, दाजी."

आप्पांनी घसा खाकरला.

"माझी दारू ओली असणार. म्हणून वाचला पोरगा."

मामांनी मान वर केली. "तुमची कशी? माझी ओली हुती. माझं दारूचं शिंग गळतंय, साऱ्या गावाला ठावं हाय."

"तुझं शिंग गळतंय तर माझं छप्परच गळतंय. माझ्या घरातली दारू कवाच सुकी नसती!"

"दाजी, फाल्गुनात छप्पर गळतंय?"

"माझं गळतंय! आन् खालची दारू माझी हुती. केपाची आग आधी कुणाच्या दारूला लागती? खालच्या. ती पेटली न्हाय म्हणून वाचला. म्हंजे मी वाचवला!"

"खालच्या दारूला पाणी आलं कुठनं? वरनं! वर कुणाची हुती?"

दोघं एकदम माझ्याकडे वळले. मी कानातला पाला काढत होतो.

"तुम्हीच सांगा, पावणं," आप्पा म्हणाले. "कुणाची दारू ओली?"

आणि माझ्या जिभेवर परत एक उत्तर आलं. दोघांना पुरेल असं, गोल, गुळगुळीत. मिलिलिटरमध्ये. मी ते गिळलं.

"मला दारूतलं काही कळत नाही," मी म्हणालो. "गोळीतलंही कळत नाही. साडेआठ ग्रॅम म्हणजे तोळा नाही आणि अर्धा तोळाही नाही. पाऊण तोळ्याला जरा कमी. मी ते मनानंच ठोकून दिलं. मला रत्नमालेशी लग्न करायचं आहे, म्हणून ठोकून दिलं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पाऊण?" आप्पा म्हणाले.

"पाऊण तोळ्याची गोळी?" मामा म्हणाले. "आवं, पाऊण तोळ्याची गोळी कुठं असती व्हय?"

"डहाळीबी भेदणार न्हाय..."

"...आन् पोचणारबी न्हाय!"

"दोन्ही बाजूंनी वाया!"

"दाजी, ह्या माणसाला गोळीतलं काय सुदीक कळत न्हाय."

"काय म्हंजे कायच न्हाय," आप्पा समाधानानं म्हणाले. माझ्या माहितीत त्या दोघांचं बंदुकीच्या तोंडाखेरीज दुसऱ्या कशावर एकमत होण्याची ती पहिलीच वेळ. "ओव्हरसियर तुझ्या विरुद्ध हुता. तलाठी माझ्या विरुद्ध हुता. ह्यो कुणाच्याच विरुद्ध न्हाय. ह्याला कळतच न्हाय!"

"मग पोरगी द्यायला काय हरकत?" मामा म्हणाले. "उभा ऱ्हातो की मी बोहल्यापाशी. ह्याच्या हातात फकस्त बंदूक द्यायची न्हाय."

"तोंड वर केलं तरी द्यायची न्हाय," आप्पा म्हणाले. "मग? बार कवा उडवायचा?"

"नको!" मी दोन पावलं मागं सरून ओरडलो.

"आवं, लग्नाचा!"

उतारावरून हाकारे खाली आले तेव्हा आम्ही तिघं पाल्यात बसून इतके हसत होतो की त्यांना वाटलं, भेकर पडलं. त्यांनी येतानाच सुऱ्या काढल्या होत्या.

वैशाखात लग्न झालं. मामांनी रत्नमालेला बोहल्यावर आणलं आणि अंतरपाटामागं उभे राहून शेजारच्या भटजींना अर्ध्या तोळ्याचे फायदे सांगितले. आप्पांनी जेवणाच्या पंगतीत माझी ओळख करून देताना दर वेळी सांगितलं, "आमचं जावई. वजनमापे खात्यात हायेत. वजनातलं काय कळत न्हाय."

हाक्याच्या दिवशी पहाटे, मामा बंदूक भिंतीला टेकवून अंथरुणात परत गेल्यावर, रत्नमालेनं नळीत फुलपात्रभर पाणी ओतलं.